आडनाव पेंटर

गेल्या वर्षी नवरात्रात मी शाहूपुरीत एका दुकानाच्या परांचीवर चढलेले असताना दोन फोन आले. पहिला मुंबईहून, एका छोट्या गॅलरीतून. फेब्रुवारीत एक जागा रिकामी झाली आहे, तीन जणांच्या प्रदर्शनात तुम्हाला घेता येईल, बारा चित्रं लागतील. माझ्याकडे चार होती. दुसरा फोन तासाभराने, कागलच्या एका कंत्राटदाराचा. बियाण्यांच्या कंपनीच्या साठ भिंती रंगवायच्या होत्या. करवीर, कागल, राधानगरी असे तीन तालुके, आणि संक्रांतीच्या आत काम संपवायचं.

खाली उतरून चहा घेता घेता मी शेडकार्डाच्या पाठीवर हिशोब मांडला. एका चित्राला मला साधारण तीन आठवडे लागतात. आठ चित्रं म्हणजे चोवीस आठवडे, आणि फेब्रुवारीला उरलेले जेमतेम अठरा. म्हणजे भिंती घेतल्या नाहीत तरी गणित बसत नव्हतं. तरी वाटत राहिलं, की भिंती नाकारल्या तर काहीतरी जमवता येईल. भिंतींचा आगाऊ चेक मिळणार होता. चित्रांचं तसं काही नव्हतं.

अशा वेळी माणूस सल्ला मागतो. मी मागितला. आर्ट स्कूलमधल्या एका मित्राने सांगितलं, "हुसेन पण होर्डिंगच रंगवायचे." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. बोर्ड, बॅनर किंवा लग्नाच्या मंडपावरची नावं रंगवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कोणीतरी दिलासा म्हणून ऐकवलेलं असतं. त्या रात्री मला ते टोचलं. मग मी वाचायला बसले. खरं सांगायचं तर इतिहास कळावा म्हणून नाही, मला परवानगी हवी होती. पोटासाठी रंगवणं आणि स्वतःसाठी रंगवणं ही दोन्ही कामं एका हाताने करून कोणाचं बरं झालं, हे बघायचं होतं.

मी कोल्हापूरची आहे, त्यामुळे हुसेनपर्यंत जायच्या आधी घराजवळच एक माणूस आडवा येतो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म १८९०. आज त्यांना मेस्त्री म्हणून कोणी ओळखत नाही. ते बाबूराव पेंटर. त्यांचे चुलतबंधू आनंदराव, तेही पेंटर. धंद्याचं नाव आडनावाच्या जागी येणं आपल्याकडे नवीन नाही. सोनार, सुतार, लोहार, कुलकर्णी सगळे तसेच आले. पण हा शब्द इंग्रजी होता, नवा होता, आणि कोल्हापुरात तो सन्मानाने चिकटला. आजही तालुक्याच्या गावात भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "पेंटर अमुकतमुक" अशी सही दिसते. वर बियाण्याची जाहिरात किंवा शौचालयाची घोषणा असते, आणि खाली सही. कॅनव्हासवर सही करणारे आम्ही स्वतःला पेंटर म्हणवत नाही, "आर्टिस्ट" म्हणवतो. यात कोण वर आणि कोण खाली हे ठरवणारं कोणीतरी मध्ये येऊन गेलं आहे. ते कधी आलं याकडे पुढे येते.

आनंदराव आणि बाबूराव १९१० च्या सुमारास नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, नदी, रस्ता. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी, गंधर्व नाटक मंडळीसाठी. संगीत नाटकाचा तो भराचा काळ होता आणि पडदा हा कंपनीच्या प्रतिष्ठेचा भाग असे. प्रेक्षक पदं ऐकायला येत तसे नवा पडदा बघायलाही येत.

पडदा रंगवणं म्हणजे काय हे मोठं काम केलेल्याला लगेच समजेल. पडद्यासमोर उभं राहिलं की तो दिसत नाही. हातभर अंतरावर नुसते डाग दिसतात. खांब कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे तिथून कळत नाही. ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. मागे जायचं, बघायचं, पुन्हा पुढे यायचं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्याने पुढच्या इंचावर रंग लावायचा. त्यात नाटकाचा उजेड वेगळा, त्यामुळे दिवसा बरोबर वाटलेला निळा रात्री काळा पडणार. हे सगळं ज्याने वर्षानुवर्षं केलं, त्याच्या हातात काय तयार होत असेल याचा विचार करा.

मग त्यांनी सिनेमा पाहिला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. दोघा भावांनी स्वतःच कॅमेरा बनवायचं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धाच होता. बाबूरावांनी तो पुढे विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने पूर्ण केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यासाठी भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. चित्रपटाची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं.

म्हणजे पडदा, कॅमेरा, दिग्दर्शन, पोस्टर आणि शेवटच्या काळात पुन्हा चित्रं आणि शिल्पं. यातलं पोटासाठीचं कोणतं आणि स्वतःचं कोणतं? मी दोन रकाने आखून बघितले. वहीचं पान तसंच राहिलं. नाटक कंपनीचा पडदा हे सरळ सरळ कंत्राटी काम, माप ठरलेलं, विषय ठरलेला, मुदत ठरलेली. तरी त्याच पडद्यांच्या कारखान्यात दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हात धरायला शिकले. ते पुढे १९२९ मध्ये वेगळे झाले, प्रभात कंपनी काढली, आणि १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला, जो पुढच्या वर्षी व्हेनिसला गेला. तुकारामाचा देहूचा उजेड बघताना मला दर वेळी वाटतं, की ही फ्रेम पडदे रंगवलेल्या माणसांची आहे. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका.

मध्ये एक वाईट आठवण सांगते. शाहू महाराजांनी खासबागेजवळ बांधलेलं पॅलेस थिएटर, पुढे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ पासून उभं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी गेले तेव्हा बरीच म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला नुसती उभी होती.

तर ते रकाने कोणी आखले? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शिअल आर्टचा वेगळा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. यात कोणाचं कारस्थान नव्हतं. छपाई वाढली होती, जाहिरात वाढली होती, शिकलेली माणसं हवी होती. पण एकदा दोन दरवाजे झाले की कुठल्या दरवाजातून आलात हे विचारलं जातं. त्याआधीचे कोल्हापूरचेच धुरंधर बघा. एम. व्ही. धुरंधर, जन्म १८६७, जे. जे.मध्ये शिकले आणि तिथेच आयुष्यभर शिकवलं. त्या एकेचाळीस वर्षांवर पुस्तकही लिहिलं. मोठी तैलचित्रं त्यांची, आणि पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं, जाहिरातीही त्यांच्याच. त्यांना कोणी "तुम्ही नक्की कोण?" असं विचारलं नसावं. मी ज्या कॉलेजात शिकले तिथे पहिल्या आठवड्यातच विचारलं गेलं. मी सांगितलं, वडील बोर्ड रंगवतात. सर म्हणाले, "मग तुला अप्लाइडला जायला हवं होतं."

आता हुसेन.

पंढरपुरात जन्म, इंदुरात बालपण, तिशीच्या दशकात मुंबई. सिनेमाची होर्डिंगं रंगवली, चौरस फुटाला काही आणे मिळत. पुढे मुलांच्या खोलीसाठीचं फर्निचर आणि खेळणी डिझाइन करण्याची नोकरी. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. त्या ग्रुपमधले बाकीचेही हेच करत होते: रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून उरलेल्या वेळात चित्रं काढत, आरा लोकांच्या घरी कामाला होते. म्हणजे आपल्या आधुनिक चित्रकलेतली बरीचशी सुरुवात ड्युटी संपल्यानंतरची आहे.

हुसेनच्या रेषेत होर्डिंग दिसतं हे मी मान्य करते. चाळीस फुटांच्या कापडावर नायिकेची भुवई काढायची तर मनगटाने निघत नाही, खांद्यापासून हात फिरवावा लागतो, आणि एकदा फिरवला की मागे घेता येत नाही. त्यांचे घोडे तसेच आहेत. वेगही तिथलाच. पण "होर्डिंगमुळे हुसेन घडले" हे वाक्य मला आता अपुरं वाटतं. त्याच वर्षांत, त्याच रस्त्यांवर, त्याच दराने शेकडो जणांनी तशाच भुवया काढल्या. ते घडले नाहीत का? आपल्याला फक्त जो बाहेर पडला त्याचं नाव माहीत आहे. उदाहरण एकाचं द्यायचं आणि लागू सगळ्यांना करायचं, हा दिलासा फार स्वस्त आहे.

त्या शेकडो जणांपैकी एक माझ्या घरात होते. मुंबईत नाही, कोल्हापुरात. तिशीच्या नाही, सत्तरीच्या दशकात. माझे वडील, अण्णा.

अण्णा चौदाव्या वर्षी बॅनरच्या कारखान्यात लागले. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, त्यामुळे गुरुवारी रात्र जागून काम. फोटोवर चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच चौकटी मोठ्या करून आखायच्या, एकेक घर बघत चित्र वर चढवायचं. पावडरचे रंग अळशीच्या तेलात कालवायचे. चेहरे उस्तादांनी करायचे, कपडे दुसऱ्या हाताने, आणि मागचं आभाळ पोरांनी भरायचं. पण आभाळाच्याही आधी एक काम होतं. उतरवलेल्या बॅनरचं कापड फेकत नसत. त्यावर पांढरा मारून पुन्हा वापरत. पहिली दोन वर्षं अण्णांनी तेच केलं. "मी किती हिरो पुसलेत तुला म्हायती न्हाई," असं ते हसत सांगायचे.

म्हणून त्या कामाचं काही उरलं नाही. कोल्हापुरात अपवाद म्हणून एक नाव सगळे घेतात, जी. कांबळे. सिनेमाच्या पोस्टर-बॅनरांतला मोठा हात, 'मुघल-ए-आझम'साठी काम केलेला. त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र १९७० मध्ये राज्य सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारलं. महाराष्ट्रातल्या किती सरकारी भिंतींवर ते टांगलेलं आहे मोजता येणार नाही. तुम्ही ते हजार वेळा पाहिलं आहे. चित्रकाराचं नाव विचारलं तर दहातले नऊ जण थांबतील.

पुढे अण्णांनी स्वतःचं दुकान टाकलं. बॅनर सोडून बोर्ड आणि पाट्या. बोर्डाबद्दल त्यांचा एकच नियम होता. "बोर्ड लांबनं वाचता आला पायजे. जवळ येऊन वाचनारा गिऱ्हाईक आधीच आलेला असतोय." अक्षराची जाडी, दोन अक्षरांमधली जागा, सावली डावीकडे की उजवीकडे, सगळं या नियमातून ठरायचं. मी दहावीत असल्यापासून त्यांच्या हाताखाली आहे. दोऱ्याला नीळ लावून फटका मारणं, प्रायमर घासणं, बाहेरची रेघ सोडून आतलं भरणं. गिऱ्हाईक यायचं, मला ब्रश धरलेलं बघायचं आणि विचारायचं, "पेंटर कुठं गेलेत?" अजूनही विचारतात.

मग फ्लेक्स आला. दोन हजारनंतरच्या दोन-चार वर्षांत सगळं संपलं. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात मशिनमधून बाहेर येऊ लागलं. अण्णांच्या ओळखीतले कोणी रिक्षा घेतली, कोणी घरं रंगवायला लागले, एक-दोघे फ्लेक्सवाल्याकडेच फ्रेम ठोकायला लागले. अण्णा गाड्यांच्या नंबरप्लेटवर आले, नंतर शाळेच्या भिंतींवर. आठ वर्षांपूर्वी ते गेले.

मी त्यांचं "स्वतःचं काम" शोधलं. मला खात्री होती की कुठेतरी असणार. माळ्यावर एखादं निसर्गचित्र, पंचगंगेचा घाट, रंकाळा, आजीचं पोर्ट्रेट. कॉलेजात मी हेच शिकले होते, की धंदा दिवसा असतो आणि कलाकार रात्री जागा होतो. माळ्यावर काहीच नव्हतं. हिशोबाच्या वह्या तेवढ्या सापडल्या, सोळा-सतरा. कोणाकडून किती आले, टर्पेंटाइनचे किती गेले. त्या मी बांधून ठेवल्या आणि विसरले.

गेल्या नवरात्रात, परवानगी शोधत असताना, त्या पुन्हा उघडल्या. रकमांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने अक्षरं होती. पानंच्या पानं. नुसता 'ळ'. शाहूपुरी म्हणजे गुळाची पेठ, तिथे दर दुसऱ्या बोर्डावर 'गूळ' लिहायचा असतो, आणि 'ळ' हे अवघड अक्षर आहे. दोन वाट्या शेजारी ठेवल्यासारखं दिसतं, पण दोन्ही सारख्या काढल्या तर अक्षर मागे पडल्यासारखं वाटतं. शेवटी येतं म्हणून शब्दाचं वजन त्यानेच पेलायचं असतं. अण्णांनी एक वाटी बारीक केली होती, मग मोठी, मग दोन्हींच्या मधला सांधा वर चढवला होता. एका पानावर तारीख आहे १९९१ ची, दुसऱ्यावर २००९ ची. २००९ मध्ये हाताने बोर्ड रंगवून घेणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा हा 'ळ' कोणासाठी होता?

कबूल करते की मी रडले वगैरे नाही. आधी राग आला, स्वतःचा. आठ वर्षं त्या वह्या माझ्या पलंगाखाली होत्या आणि मी त्यात रंकाळा शोधत होते.

दुसरा राग जुना आहे. अतुल दोडिया यांनी २००० च्या सुमारास दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रं केली. २००१ मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या प्रदर्शनात होती. मला ती आवडतात. बंद पडलेल्या, घाबरलेल्या मुंबईबद्दल ती काहीतरी सांगतात जे कॅनव्हासवर सांगता आलं नसतं. पण पहिल्यांदा त्यांचे फोटो बघितले तेव्हा मनात आलं, की शटर गॅलरीत गेलं, शटर रंगवणारा बाहेरच राहिला. हे दोडियांवर आरोप म्हणून म्हणत नाही. माझ्या चित्रांबद्दल एकांनी मागे सांगितलं होतं, "छान आहे, पण जरा बोर्डसारखं वाटतं." तेव्हापासून दोन वर्षं मी माझ्या कडा मुद्दाम विस्कटत होते. रेघ सरळ यायची, मी कापडाने पुसून ती हलवायची. हात जे सहज करतो ते त्याला करू द्यायचं नाही, यात माझा किती वेळ गेला ते शेडकार्डावरच्या हिशोबात धरलंच नव्हतं. एका चित्राला तीन आठवडे का लागतात, तर त्यातला एक आठवडा पुसण्यात जातो.

मी भिंती घेतल्या. गॅलरीला लिहिलं, की बारा होणार नाहीत, पाच होतील. त्यांनी दोन दिवसांनी नम्रपणे कळवलं की जागा दुसऱ्या कोणाला दिली आहे. वाईट वाटलं, अजून वाटतं. साठपैकी बावन्न भिंती झाल्या. आठ गावांत आधीच दुसऱ्या कंपनीने चुना मारून ठेवला होता. राधानगरीच्या बाजूला थंडीत सकाळी रंग घट्ट होतो, डबा उन्हात ठेवून बसावं लागतं. त्या बसण्यात मी वहीत काढत असे. आधी भिंतींसमोरची माणसं काढली, मग अक्षरंच. संध्याकाळी परत आल्यावर मनगट इतकं दुखायचं की कॅनव्हासला हात लागला नाही. दोन्ही कामं एकमेकांना पूरक असतात असं मुलाखतींत म्हणतात. काही दिवस असतात. बरेच दिवस एक काम दुसऱ्याचं जेवण खातं.

मार्चमध्ये त्याच पेठेतून बोलावणं आलं. गुळाचे जुने व्यापारी, त्यांचा बोर्ड अण्णांनी केलेला. पत्रा कडेने गंजला होता. त्यांना नव्या पत्र्यावर तसाच हवा होता, "पेंटरांनी केलता तसाच, ताई, फरक नको." मी जुना उतरवला, मागे टेकवून ठेवला आणि माप घ्यायला बसले. रंगाचे पोपडे सुटले होते तिथे खाली आणखी एक 'गूळ' दिसत होता. आधीचा, अण्णांचाच. त्यात 'ळ' बुटका आहे. वरच्यात सांधा चढलेला.

"शेठजी, जुना पत्रा मला द्याल?"

"काय करनार त्याचं?"

सांगता आलं नाही. त्यांनी वजनकाट्यावर ठेवला. तिथे काटा असतोच, गुळाचा. अकरा किलो भरला. भंगाराच्या भावाने पैसे दिले आणि टेम्पोत घालून आणला. आता तो माझ्या खोलीत उभा आहे, कॅनव्हास असायचे त्या भिंतीला. एनॅमलचा डबा उघडून मी दोनदा त्याच्यासमोर बसले आहे. अजून ब्रश बुडवलेला नाही. उद्या सकाळी इचलकरंजीला एका मिसळीच्या हॉटेलचा बोर्ड आहे, आठ बाय तीन, त्यातही 'ळ' आहे.